खुडूक

कोंबडी खुडूक झाली की काय होतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. अंडी घालणं बंद. खाण्यावरची वासना उडते. पिसं फुगवून ती कोपऱ्यात ठाण मांडते, जवळ गेलं की घशातल्या घशात गुरगुरते आणि हात लावला तर चोच मारते. पोटाखाली अंडी असोत नसोत, ती बसून असते. अंडी काढून घेतली तर खड्यावर बसेल, खडा काढला तर नुसत्या मातीवर. इंदापूर तालुक्यात, उजनीच्या काठाला आमचं गाव. तिथं पिलं काढायची नसतील तर आई अशा कोंबडीला धरून घमेल्यातल्या गार पाण्यात तीन-चारदा बुचकळते. अंगातली ऊब उतरली की डोक्यातलं खूळ उतरतं, हे आईचं शास्त्र, आणि ते बहुतेक वेळा लागू पडतं.

गेल्या वर्षी जानेवारीत मी खुडूक झालो.

मी बारामतीत एका पतसंस्थेत नोकरी करतो. तोवर पक्ष्यांशी माझा संबंध रविवारी ताटात येईल तेवढाच होता. जानेवारीत ‘कृषिक’ प्रदर्शनाला गेलो तोही ठिबकच्या नळीची टोपणं बघायला. तिथं काचेच्या एका पेटीपुढं शाळेची पोरं दाटली होती, म्हणून मीही मान घातली. आत एक अंडं हलत होतं. बघता बघता कवचाला चीर गेली, ओलंगिच्च पिलू बाहेर आलं, दोन पावलं चाललं आणि तोंडावर पडलं. पोरं हसली. मला मात्र गलबलून आलं. टोपणं राहिली ती राहिलीच.

पंधरा दिवसांत घरात साठ अंड्यांचं उबवणी मशीन आलं. खोक्यावर ‘पूर्ण स्वयंचलित’ असं लिहिलेलं होतं. बायकोनं ते वाचलं आणि म्हणाली, “अहो, ते पूर्ण स्वयंचलित आहे, तर त्याला तुम्ही कशाला लागता?” या प्रश्नाचं उत्तर पुढं वर्षभर मी घरादाराला देत होतो.

अंड्याचं मागणं तसं फार नसतं. साडेसदतीस अंश ऊब, निम्म्याहून थोडी जास्त आर्द्रता, मोकळी हवा आणि दिवसातून निदान तीन-चारदा कूस बदलणं. कूस बदलली नाही तर आतला जीव पापुद्र्याला चिकटतो. शेवटचे तीन दिवस फिरवणं बंद करायचं, आर्द्रता वाढवायची आणि एकविसाव्या दिवशी पेढे वाटायचे. मी पेढ्यांपासून सुरुवात केली. ऑफिसात आधीच सांगून टाकलं, “येत्या महिन्यात साठ पिलं निघतायत.”

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून तीस-तीसचे दोन ट्रे आणले. पांढरीशुभ्र, एका मापाची, स्वच्छ अंडी. सातव्या दिवशी अंड्याला टॉर्च लावून बघायचं असतं. जीव धरला असेल तर आत कोळ्यासारखा ठिपका आणि त्याला फुटलेल्या लाल शिरा दिसतात. मी दिवा मालवून, बायकोला आणि लेकीला शेजारी उभं करून एकेक अंडं तपासलं. साठच्या साठ आरपार लख्ख. ठिपका नाही, शीर नाही, डाग नाही. मी म्हणालो, “बघा, माल किती शुद्ध आहे.”

एकविसावा दिवस गेला. बाविसावा गेला. चोविसाव्या दिवशी आईचा फोन आला.

“किती निघाली रं?”

“अजून एक नाही.”

“अंडी कुणाकडनं आणलीस?”

“दुकानातून.”

पलीकडं बराच वेळ काही आवाज नाही. मग आई शांतपणे म्हणाली, “आरं येड्या, त्या अंड्यास्नी बाप कुठनं आणलास?”

पोल्ट्रीतल्या अंड्यावरच्या कोंबड्यांमध्ये कोंबडा नसतोच. कोंबडीला अंडं घालायला त्याची गरजही नसते. ती आपली घालत राहते. पिलू हवं असेल तरच कोंबडा लागतो. हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. देशभरच्या अंड्यांचे भाव सुचवणारी एनईसीसी १९८२ साली स्थापन झाली, तिचं मुख्यालय पुण्यात. त्याच पुणे जिल्ह्यात राहून, आठवड्याला डझनभर अंडी खाऊन, मी चोवीस दिवस साठ बिनबापाच्या अंड्यांची कूस बदलत होतो. ऑफिसात पेढ्यांची विचारणा झाली. मी म्हणालो, बॅच तांत्रिक कारणानं पुढं गेली.

दुसऱ्या वेळी मी बाप असलेली अंडी आणली. इंदापूरच्या बाजारात एका म्हाताऱ्या बाईसमोर बसून, “मावशी, कोंबडा आहे ना घरी?” असं खात्रीनं विचारून घेतलं. तिनं माझ्याकडं बघितलं, पदर सावरला आणि म्हणाली, “हाय की. तुला कशाला त्याची चौकशी?” चाळीस गावरान अंडी पिशवीत घालून मोटारसायकलच्या हँडलला अडकवली आणि रस्त्यातला एकही गतिरोधक न चुकवता बारामती गाठली. वर, उन्हाळा लागलाय, अंडी नासतील, म्हणून तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवली.

अंड्याच्या जाड टोकाला हवेची पोकळी असते. पिलू कवच फोडण्याआधी तिथं चोच घालून पहिला श्वास घेतं. हादऱ्यानं ती पोकळी जागची सुटते, म्हणून बाजारातून आणलेली अंडी जाड टोक वर करून एक दिवस शांत ठेवायची, मगच मशिनात लावायची. आणि फ्रीज अंडी खाणाऱ्यासाठी असतो, उबवणाऱ्यासाठी नाही. हे सगळं मला चाळीसातली छत्तीस वाया गेल्यावर समजलं.

पण चार निघाली! त्या चार पिलांसाठी मी चौघांचा संसार उभा केला. खोक्यात भाताचं तूस, वर साठ वॅटचा बल्ब, बाजूला पाण्याचं भांडं. सातव्या दिवशी मानमोडीची लस. मानमोडी म्हणजे राणीखेत. या रोगात कोंबडीची मान पिळवटते, आणि गावात एकदा शिरला की खुराडीच्या खुराडी रिकामी करतो. डोळ्यात एक थेंब टाकला की झालं. पण लसीची लहानात लहान कुपी शंभर पिलांची. एकदा कालवली की दोन तासांत वापरायची, राहिलेली फेकायची. चार पिलांना चार थेंब टाकले आणि हातात शहाण्णव थेंब उरले. पतसंस्थेतल्या माणसाला शिल्लक वाया गेलेली बघवत नाही. बर्फ घातलेला थर्मास घेऊन मी भर दुपारी आमच्या कॉलनीत दारोदार फिरलो. “कोंबड्या आहेत का हो तुमच्याकडं?” लोकांना वाटलं, जनगणना आहे. एकानं दोन पोपट दाखवले. एका काकूंनी विचारलं, “माणसाला चालते का? माझी मान फार दुखते.”

त्याच महिन्यात गावी गेलो, तर आईची तांबडी खुडूक बसलेली. फुटक्या टोपलीत राख आणि भुसा, वर तेरा अंडी आणि मधोमध एक गंजका खिळा. वळवाच्या पावसात वीज कडाडली तर अंडी बिघडू नयेत म्हणून तो खिळा. मी हसलो. आईनं विचारलं, “तुझ्या मशिनात किती निघाली?” मी हसू आवरलं. तांबडी दिवसातून एकदाच उठायची, घाईघाईनं दाणे टिपून, पाणी पिऊन पंधरा मिनिटांत परत. पोटाखाली कातडी उघडी पडलेली, तीच तिची गरम पिशवी. चोचीनं अंडी आतली बाहेर, बाहेरची आत करायची. थर्मामीटर नाही, इन्व्हर्टर नाही, वॉरंटी नाही. तेरातली अकरा निघाली. मला त्या कोंबडीचा मनापासून राग आला.

खरं तर इथं माणूस थांबतो. खुडूक थांबत नाही. कोंबडीत आपण हरलो, तर जिथं आईच्या कोंबडीचा संबंध नाही अशा पाखरांत उतरावं, असा मी विचार केला. ओळखीपाळखीतून चार राजहंसाची, सहा बदकाची, दहा गिनीची, वीस गावरान आणि वीस जपानी बटेराची अंडी जमवली. गावाकडं ज्याला राजहंस म्हणतात तो पुराणातला नव्हे. जाड मानेचा, भांडखोर, दारावर कुत्र्यासारखी राखण करणारा पाळीव हंस.

प्रत्येकाचे दिवस वेगळे. बटेर सतरा, कोंबडी एकवीस, गिनी सत्तावीस, बदक अठ्ठावीस, हंस तीस. मुदत ठेवी सांभाळण्यात आयुष्य गेलेला माणूस मी. हे गणित मला पाणी पिण्याइतकं सोपं. आधी हंस लावायचे, दोन दिवसांनी बदक, तिसऱ्या दिवशी गिनी, नवव्या दिवशी कोंबडी, तेराव्या दिवशी बटेर. सगळ्या ठेवी एकाच दिवशी मॅच्युअर. भिंतीवरच्या कालनिर्णयावर मी लाल पेनानं सगळं मांडलं. बायकोच्या एकादश्या, चतुर्थ्या, गॅसची तारीख आणि दूधवाल्याचे खाडे त्या लाल जंजाळात गडप झाले. तिनं एक संकष्टी चुकून बदकाच्या दिवशी धरली.

एकट्या गणितानं भागलं असतं, तर अंडी उबवायला कोंबडीऐवजी कारकून बसवले असते. मशिनच्या खाचा कोंबडीच्या अंड्याच्या मापाच्या. बटेराचं अंडं दहा ग्रॅमचं, ते खाचेतून खाली घरंगळायचं. हंसाचं दीडशे ग्रॅमच्या घरात, ते खाचेत बसायचं नाही आणि त्यानं अंडी फिरवणारी मोटर अडकायची. ‘पूर्ण स्वयंचलित’ बंद करून मी हातानं अंडी फिरवू लागलो. कुठलं फिरवलं ते कळावं म्हणून पेन्सिलीनं एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोळा. पहाटे दोनला, सहाला, ऑफिसला जाताना, आल्यावर. एके दिवशी बघतो तर हंसाच्या अंड्यावर एका बाजूला चार फुल्या, तीन गोळे आणि वर एक आडवी रेघ. लेक मैत्रिणीबरोबर फुली-गोळा खेळून गेली होती. फुली जिंकली होती. अंड्याची कुठली बाजू वर होती, याचा थांगपत्ता नाही.

त्यात तो मे महिना. मशिनला गरम करता येतं, गार करता येत नाही, हे बारामतीच्या उन्हाळ्यात मशीन घेणाऱ्याला आधी कळायला हवं. बाहेर पारा चाळिशीच्या पुढं. आत मशीन बिचारं बंद होऊन बसलेलं आणि तरी काटा एकोणचाळिसाकडं चाललेला. अंड्याला थोडा गारठा सोसतो, जास्तीची ऊब सोसत नाही. ओली पोती टांगली, घरातला एकुलता एक कूलर मशिनकडं वळवला. आम्ही तिघं गच्चीवर झोपायला लागलो. आईला सांगितलं तर म्हणाली, “मग मशिन कशाला लावतोस? पत्र्याखाली ठिव, आपसूक निघत्याल.” मग वळीव सुरू झाला आणि उलटं झालं. रोज संध्याकाळी वारा सुटायचा, वीज जायची. इन्व्हर्टर कूलर ओढून आधीच थकलेला. मी मशिनवर गोधडी टाकून, भोवती गरम पाण्याच्या बाटल्या लावून, त्याला मिठी मारून बसायचो. अंधारात बायको बॅटरी घेऊन आली, माझ्याकडं बघितलं आणि एवढंच म्हणाली, “आता पिसं तेवढी फुगवायची राहिलीत.”

सगळ्या ठेवी पिकण्याचा दिवस नेमका तुकोबांची पालखी बारामतीत मुक्कामाला येण्याच्या दिवशी आला. घरात दिंडीतले पाहुणे. हॉलमध्ये पथाऱ्या, दारात पिठलं-भाकरी, आणि आतल्या खोलीत मशिनातून चिवचिव. बटेरं एक दिवस आधीच येऊन बसलेली, गिनी अजून आत ठोकत होत्या, कोंबड्या निघायला लागलेल्या. पिलं निघताना झाकण उघडायचं नसतं. आतला दमटपणा निसटतो, पापुद्रा वाळतो आणि पिलू अर्ध्यात आवळलं जातं. हे मला पाठ होतं. तरी मी दर दहा मिनिटांनी झाकण उघडून “हे आलं, हे आलं” करत होतो. शेवटी दिंडीतल्या एका आजीनं माझा हात धरला. “बाबा, बाळंतिणीच्या खोलीत असं कुणी सारखं डोकावतं का? माउलीवर सोड की.” ती दारात टाळ घेऊन बसली, आणि सकाळी सणसरच्या वाटेला लागेपर्यंत तिनं मला आत सोडलं नाही.

सकाळी मोजलं. कोंबडीची नऊ, गिनीची पाच, बटेराची बारा, बदकाचं एकही नाही, आणि हंसाचं एक. फुली-गोळ्याचंच.

बटेराची पिलं आवळ्याएवढी. पहिल्याच रात्री दोन पाण्याच्या वाटीत बुडून मेली. मग आईनं सांगितल्यावर वाटीत लेकीच्या गोट्या टाकल्या. उरलेली दहा वाढली आणि त्यांचा दुसरा गुण कळला. बटेर दचकलं की पुढं पळत नाही, सरळ वर उडतं. छताला टाळकं आपटून खाली पडतं आणि पुन्हा दचकतं. त्यांच्या पिंजऱ्याला आतून मी फोम लावला. या प्रकरणात आणखी एक भानगड झाली. एक पाहुणे पिंजऱ्यापुढं उभे राहून कुजबुजले, “या लावऱ्या पकडल्यात कुठून? आत जाल!” तितर, लावरी ही आपली रानपाखरं, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ती धरणं, पाळणं, त्यांची अंडी उचलणं गुन्हा आहे. ऊसतोडीच्या वेळी एक पोरगा तितराची चार अंडी टोपीत घालून माझ्याकडं घेऊन आला होता, तेव्हा मीच त्याला जशी होती तशी परत ठेवायला लावली होती. माझी बटेरं जपानी, पाळीव, पिढ्यान् पिढ्या मशिनात निघालेली, इतकी की त्यांना स्वतःला अंड्यावर बसायचं भानच उरलेलं नाही. हे मी पाहुण्यांना वीस मिनिटं समजावलं. शेवटी खरेदीची पावती लॅमिनेट करून पिंजऱ्याला टांगली. बारामतीत आधारकार्ड असलेली ती पहिलीच बटेरं असावीत.

गिनींनी मला खरं नाव मिळवून दिलं. गोचिड्या, किडे मटकावणारं, साप दिसला की गाव गोळा करणारं हे गुणी पाखरू; पण साप नसला तरी गाव गोळा करतं. गणपतीच्या सुमारास माद्यांना कंठ फुटला. गिनीच्या मादीची हाक दोन तुकड्यांची असते, दुसरा तुकडा वर चढणारा. बारकाईनं ऐकलं तर ती स्पष्ट म्हणते, “हप्-ता! हप्-ता!” समोरच्या बंगल्यातल्या गृहस्थांचं आमच्याच संस्थेत कर्ज होतं आणि तीन हप्ते थकले होते. पहाटे पाचला माझ्या गच्चीवरून तीन गिनी त्यांच्या खिडकीकडं तोंड करून ओरडायच्या. आठवडाभर त्यांनी सोसलं. मग ते घरी आले आणि थरथरत म्हणाले, “नोटीस पाठवायची असेल तर रीतसर पाठवा. हे काय चाललंय?” मी शपथेवर सांगितलं की हे मी शिकवलेलं नाही. त्यांचा विश्वास बसला नाही. पण दुसऱ्या दिवशी तिन्ही हप्ते भरले. वसुलीसाठी गिनी वापराव्यात असा प्रस्ताव मी वरिष्ठांपुढं ठेवणार होतो, तोवर कॉलनीची सभा बसली. मी तिथं म्हणालो, बारामती हे मोरोपंतांचं गाव. पन्हाळ्याहून ते इथं आले आणि हयातभर इथंच राहिले. त्यांची ‘केकावली’ म्हणजे तरी काय, मोराच्या हाकांची मालिकाच. पाखराच्या ओरडण्याचा या गावानं मान राखला आहे. अध्यक्ष म्हणाले, “मोरोपंत पहाटे पाचला गच्चीवर ओरडत नव्हते.” ठराव एकमतानं मंजूर झाला. हात वर करणाऱ्यांत माझी बायकोही होती.

सगळी पाखरं गावी आईकडं गेली. राहिला तो हंस. लेकीनं त्याचं नाव ‘नाना’ ठेवलं होतं, कारण तो हात मागं बांधून फिरणाऱ्या सेवानिवृत्त माणसासारखा चालायचा. अंड्यातून बाहेर आल्यावर जे पहिलं हलतं-बोलतं दिसेल त्याला हंसाचं पिलू आई समजतं. कॉनराड लॉरेंझ नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञामागं अशी पिलं रांगेनं चालत जायची. प्राण्यांच्या वागण्याच्या अभ्यासासाठी त्याला १९७३ साली नोबेल मिळालं. माझ्यामागंही नाना तसाच चालत यायचा. मला फक्त मेमो मिळाला. कारण घरात एकटा ठेवला की तो गळा काढायचा, म्हणून दोन शनिवार मी त्याला पिशवीत घालून ऑफिसात नेला होता. तिसऱ्या शनिवारी एक आजी पासबुक भरायला आल्या आणि टेबलाखालून त्यांना नाना चावला.

मग नानाही गावी गेला. उजनीचं पाणी आमच्या बांधापासून हाकेच्या अंतरावर. यंदा फेब्रुवारीत आईचा फोन आला, “तुझा नाना पाण्यात गेलाय. दोन दीस झालं, परत येत न्हाई.”

पशुवैद्यकीय डॉक्टरांनी मला आधीच बजावून ठेवलं होतं, पाळीव पाखरं परदेशी पाखरांत मिसळू देऊ नका. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. आणि आमच्या काठाला तर हिवाळ्यात जगभरचे पाहुणे. भिगवण, कुंभारगावच्या उथळ पाण्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. हिमालय ओलांडून पट्टकदंब येतात. पुण्याची माणसं अंधारात निघून सूर्योदयाला होडीत बसतात, आणि आमचे मासेमार त्यांना पाखरांची इंग्रजी नावं सांगतात. या सगळ्या मंडळींत माझा नाना. मी रजा टाकली आणि तडक काठ गाठला.

काठावर सात-आठ जण श्वास रोखून उभे. तोफेएवढ्या लेन्सा एकाच दिशेला. एक तरुण कापऱ्या आवाजात म्हणत होता, “कलहंस! एकटाच! भरकटून आलेला दिसतोय.” शेजारचे वयस्कर गृहस्थ दुर्बिणीतून निरखत होते. “रंग जुळतो. पण चोच जरा जास्तच नारिंगी आहे. आणि एवढं पोट सुटलेला पक्षी हिमालय ओलांडून येईल कसा?”

मी पुढं गेलो. तीस-चाळीस हात लांब, रोहितांच्या गुलाबी घोळक्याच्या कडेला, मान ताठ करून नाना उभा होता. पाहुण्यांत आलेल्या गावच्या सरपंचासारखा.

“नाना!” मी ओरडलो. “ए नाना! या घरी!”

सगळ्यांनी वळून बघितलं. कुणी तरी म्हातारा माणूस पाण्यात गेलाय, अशी त्यांची समजूत झाली. त्या तरुणानं विचारलंसुद्धा, “आजोबा पोहतात का?” तेवढ्यात नानानं मान उंचावली, भोंगा वाजवल्यासारखा आवाज काढला आणि पंख पसरून माझ्याकडं धावत सुटला. लेन्सा खाली आल्या. इतकी माणसं एकदम माझ्यावर नाराज झालेली मी कर्जमाफीची यादी लागल्याच्या दिवशीही पाहिली नव्हती.

नाना अर्ध्यात थांबला. मध्ये चिखल होता आणि त्याचं म्हणणं, आईनं पुढं यावं. आई पुढं गेली. पहिल्या पावलाला घोटा, दुसऱ्याला गुडघा, तिसऱ्याला मी आडवा. फेब्रुवारीतलं सकाळचं पाणी नाकातोंडात गेलं. उठायला बघितलं, पुन्हा पडलो. तिसऱ्यांदा पडलो तेव्हा रोहितांचा अख्खा थवा उठला आणि त्यांच्या पंखांखालचा लालभडक रंग माझ्या डोक्यावरून सरकत गेला. मागं कॅमेरे खडखडा वाजत होते. ते पाखरांसाठी वाजत होते की माझ्यासाठी, हे विचारायचं धाडस मला आजवर झालेलं नाही. नाना मात्र आला. माझ्याशेजारी चिखलात बसून चोचीनं माझे केस विंचरायला लागला.

एवढ्यात बांधावरून आई आली. हातात ज्वारीचा डबा. तिनं डबा दोनदा वाजवला, “या या या!” नाना ताडकन उठला आणि नोबेलच्या सगळ्या सिद्धांतावर पाणी सोडून डब्यामागं निघून गेला.

आईनं मला नखशिखान्त न्याहाळलं. “किती येळा बुचकळलास?”

“तीनदा.”

“बास झालं,” आई म्हणाली. “उतरलं आसंल खूळ आता.”

आणि खरंच उतरलं. नाना आता दावणीशेजारच्या कुंपणात असतो. मशीन बायकोनं स्वयंपाकघरात नेलंय. साडेसदतीस अंशाला दही इतकं घट्ट लागतं की शेजारणी विरजण घेऊन येतात. ‘पूर्ण स्वयंचलित’ या शब्दांचा अर्थ तिला एका रात्रीत सापडला. कालनिर्णयावर एकादश्या परत दिसू लागल्या आहेत.

आईचं म्हणणं, बुचकळलेली कोंबडी पंधरा-वीस दिवस शांत राहते, मग परत अंड्यावर येते. माझे एकोणीस दिवस निर्विघ्न गेले. काल विसावा होता. कामानिमित्त एकांच्या शेतावर गेलो होतो. मागं इमूची लाट आली होती, २०१२ च्या सुमारास ती फुटली आणि पैसे घालणारे रस्त्यावर आले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्याकडं तेव्हाची एक जोडी अजून आहे. त्यांनी अंडं माझ्या हातात दिलं. गर्द हिरवं, मोठ्या आंब्याहूनही मोठं, खडबडीत. ते म्हणाले, इमूत मादी अंडी घालून मोकळी होते, उबवतो नर. आठ आठवडे. अन्नपाण्याला जवळजवळ शिवत नाही.

रात्री जेवताना मी फक्त एवढंच विचारलं, की हे अंडं आपल्या मशिनात आडवं बसेल का उभं.

बायको काही बोलली नाही. उठली, न्हाणीघरात गेली आणि बादली नळाखाली लावली.